चादर धरणारी

कोस्तादिनमामा आधी कल्हई करायचा.
मग प्लोवदिवच्या बाजारात दोन मेंढ्या
आणि आजीच्या कमरपट्ट्याची चांदीची बक्कल देऊन
त्यानं एक पेटी आणली,
तीन पायांची, एका डोळ्याची.
मामी आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी म्हणाली, मग माझा तरी काढ.

मी तेव्हा बारा वर्षांची.
चादरीचं एक टोक कोठाराच्या खिळ्याला,
दुसरं माझ्या हातात.
मी मागे, आडोशाला, श्वाससुद्धा बेतानं,
कारण चादर हलली की पुढचा माणूस
पाण्यात उभा असल्यासारखा येतो.
सेवदा, कोपर वर!
सगळं बालपण मी हेच ऐकलं.

लोक सणाचे कपडे घालून यायचे.
डोंगर उतरून, बूट हातात धरून,
आणि अंगणात आल्यावर घालायचे.
मामाला मात्र हवी होती
लोकर धुणारी लालभडक मनगटं,
बटाटे उकरणाऱ्या पाठी.
द्रागनाकाकू, अशीच थांब, हात धुऊ नकोस, म्हणाला
तर तिनं ओली लोकरच फेकून मारली.
रोजचं कसलं काढतोस मेल्या?
रोजचं तर रोज आहेच.

म्हणून ती चादर.
माझ्या आईच्या रुखवतातली, मध्यभागी रफू केलेली.
तुझ्या सगळ्या फोटोंत ते रफू आहे, बघ.
नवरदेवाच्या कानाशी, पाद्र्याच्या दाढीशी,
आणि त्या डगल्याच्या खांद्यावर.

तो वेलिकाच्या मुलाचा डगला.
मुलगा अमेरिकेत, खाणीत.
तिनं डगला आणला, खुर्चीवर बसवला,
बाह्या मांडीवर ठेवल्यासारख्या ठेवल्या
आणि स्वतः शेजारी उभी राहिली.
मामा हसला नाही.
त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं
आणि डगल्याला सांगितलं, हलू नकोस.
दोन वर्षांनी मुलाचं पत्र आलं:
आई, कॉलर उसवली आहे, टाका घाल.

मेंढरांचा एकच आहे.
दक्षिणेच्या समुद्राकडे कळप निघाले त्या पहाटेचा.
मेंढरं थांबत नाहीत, त्यांचं धुकंच आलं,
त्यात एक घंटा तेवढी स्पष्ट.
पुढे त्या वाटेवर सरहद्द बसली.
मेंढपाळ म्हातारे झाले तेव्हा
ती काच बघायला यायचे, टोप्या काढून.

सोफियाहून तू आलास,
तळघरातल्या तीनशे अकरा काचा मोजल्यास,
एकेक उन्हाकडे धरून म्हणालास, काय चेहरे आहेत!
असतील.
मी डाव्या कडेला बघते.
तिथं चार बोटं आहेत, चादर घट्ट धरलेली.
ही बारा वर्षांची, नखात माती.
ही औषधानं काळी पडलेली, मामाच्या बशा धुऊन.
इथून अंगठी दिसते.
इथपर्यंत दिसते.
इथं नाही. ते लढाईनंतरचं.
ह्या फोटोत कोण बसलंय मला आठवत नाही,
पण त्या दिवशी हात किती दुखत होता ते आठवतं.

आणि हात दुखला की चादर खाली यायची.
मामा ओरडायचा, पण काच वाया घालवायचा नाही.
म्हणून बघ, त्या कडक कॉलरवाल्या सरपंचामागे
कांद्याच्या माळा,
एक शेळी कुणाचा तरी मोजा खातेय,
मामी खरकटं फेकतेय, पाणी अजून हवेत आहे.
तू ह्यालाच बोट लावून म्हणालास,
हे, आजी, हेच तर हवंय आम्हाला.
द्रागनाकाकू असती तर तुलाही लोकर बसली असती.

आता तू मला उभं करतोस, कोठारापुढे.
खिळा अजून तिथंच आहे.
विचारलं, चादर कोण धरणार?
तू म्हणतोस, नको चादर, मागचं सगळं येऊ दे.

येऊ दे म्हणतोस?
मग थांब जरा.
ती फुटकी बादली आधी आत ठेवून येते.